विश्लेषण : छत बसके, बोनेट लांब आणि तरीही रोजची गाडी… ‘जॅग्वार’च्या विल्यम लायन्स यांनी हे गणित कसे जुळवले?

मोटार जमिनीला जितकी लगटून, तितकी ती दिसायला झकास. कडेला उभी असली तरी ती पळते आहे असे वाटते. पण तीच मोटार रोज वापरायची म्हटली की हिशेब बदलतो. आत शिरताना मान वाकवावी लागते, उतरताना गुडघ्यांवर हात टेकून उठावे लागते, मागे बसलेल्या उंच माणसाचे डोके छताला लागते आणि रस्ता जरा उंचसखल आला की गाडीचे पोट घासते. जगभरातले ग्राहक एसयूव्हीकडे का वळले, याचे निम्मे उत्तर या चार तक्रारींत आहे. टाटा मोटर्सच्या मालकीच्या जॅग्वारने २०२४ मध्ये एक्सई आणि एक्सएफ या सेडान गाड्यांचे उत्पादन थांबवले. यातल्या एक्सएफची जुळणी २०१३ पासून पुण्यातही होऊ लागली होती. या गाड्यांबरोबर जवळपास ९० वर्षांची एक वाट तूर्त थांबली. ती वाट पाडणारे सर विल्यम लायन्स अभियंता नव्हते, चित्रकारही नव्हते. छत किती खाली आणायचे, या एका प्रश्नाशी मात्र ते आयुष्यभर झगडत राहिले.

स्पोर्ट्‌स सलून म्हणजे काय?

सलून म्हटले की आपल्याला केस कापण्याचे दुकान आठवते. ब्रिटनमध्ये मात्र पक्के छत असलेल्या, चारपाच माणसे बसतील अशा गाडीला सलून म्हणतात. आपण तिला सेडान म्हणतो. स्पोर्ट्‌स सलून म्हणजे घरच्यांना घेऊन जाता येईल, पण वळणावर आणि वेगात स्पोर्ट्‌स कारसारखी वागेल अशी गाडी.

ती बसकी का असावी, यामागे साधे भौतिकशास्त्र आहे. वजन जमिनीच्या जितके जवळ, तितकी गाडी वळणावर कमी झुकते आणि चारही चाके रस्ता घट्ट धरून ठेवतात. समोरून दिसणारे क्षेत्रफळ कमी झाले की हवेचा अडथळाही कमी होतो. अडचण एवढीच, की छत खाली आणले म्हणून माणसाची उंची कमी होत नाही. मग सीट खाली जाते, पाय पुढे पसरावे लागतात, त्यासाठी लांबी लागते आणि ती बहुधा मागच्या प्रवाशाच्या वाट्यातून कापली जाते. रूप, किंमत आणि बसायची जागा या तिघांची ही ओढाताण लायन्स यांच्या प्रत्येक गाडीत दिसते.

लायन्स या धंद्यात आले कसे?

इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरच्या ब्लॅकपूलमध्ये ४ सप्टेंबर १९०१ रोजी त्यांचा जन्म झाला. हे सुट्टीसाठी येणाऱ्यांचे गजबजलेले गाव. वडील आयरिश संगीतकार. त्यांचे पियानो आणि वाद्यांचे दुकान होते. मुलाचा जीव मात्र मोटारसायकलींत अडकलेला. मँचेस्टरच्या क्रॉसली मोटर्समध्ये त्यांनी काही काळ उमेदवारी केली, ती अर्धवट सोडली आणि ब्लॅकपूलला परतून मोटारी विकण्याचे काम धरले. कारखान्यापेक्षा गिऱ्हाईक त्यांना लवकर कळले, असे म्हणायला हरकत नाही. गाडी का विकली जाते, हे त्यांनी ती बनवायच्या आधीच पाहिले होते.

१९२१ च्या सुमारास त्यांच्या घराजवळ विल्यम वॉल्म्स्ली नावाचे गृहस्थ राहायला आले. वयाने थोडे मोठे. ते घरच्या गॅरेजमध्ये मोटारसायकलींसाठी साइडकार बनवत. त्या काळच्या बहुतेक साइडकार म्हणजे चाक लावलेली टोपलीच. वॉल्म्स्लींची साइडकार ॲल्युमिनियमच्या चकचकीत पत्र्याची, हवाई जहाजाच्या फुग्यासारखी निमुळती. लायन्स यांनी एक विकत घेतली आणि लगोलग भागीदारीचा प्रस्ताव ठेवला. वॉल्म्स्ली हौशी होते, त्यांना घाई नव्हती. लायन्स यांना होती; पण करार करण्यासाठी वयाची २१ वर्षे पूर्ण होणे भाग होते. ती झाली तेव्हा, म्हणजे सप्टेंबर १९२२ मध्ये, दोघांच्या वडिलांच्या हमीवर बँकेकडून १००० पौंडांची उचल मिळाली आणि स्वॅलो साइडकार कंपनी सुरू झाली. स्वॅलो म्हणजे पाकोळी.

साइडकारवरून मोटारीकडे…

१९२२ मध्ये आलेल्या ऑस्टिन सेव्हन या छोट्या, स्वस्त गाडीने ब्रिटनच्या मध्यमवर्गाला मोटार परवडू लागली होती. गाडी गुणी, पण रूपाने अगदीच साधी. लायन्स यांनी तिची चाके, इंजिन आणि चॅसिस तशीच ठेवून वर नवी बॉडी चढवायचे ठरवले. लाकडी सांगाड्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा, गोलसर नाक, दुरंगी रंगकाम. १९२७ मध्ये ही ऑस्टिन स्वॅलो बाजारात आली. यंत्र शेजाऱ्याच्या गाडीतलेच, पण दारात उभी राहिली की शेजारी बघत राहील, असा हा सौदा होता.

लंडनच्या हेन्लीज या विक्रेत्यांनी एकदम ५०० गाड्यांची मागणी नोंदवली. कारखान्यातून तेव्हा दिवसाला दोन गाड्या बाहेर पडत. ऑस्टिनकडून आलेल्या चॅसिसचा ब्लॅकपूल स्थानकावर एवढा ढीग साचला, की स्टेशनमास्तरांनी तक्रार केली. १९२८ मध्ये कंपनी ब्रिटिश मोटार उद्योगाचे माहेरघर असलेल्या कॉव्हेंट्रीत गेली. नवी जागा म्हणजे पहिल्या महायुद्धात तोफगोळे भरण्याचा कारखाना.

छतावरून भांडण का झाले?

दुसऱ्याच्या चॅसिसवर बॉडी चढवायची म्हणजे उंचीही दुसऱ्याचीच स्वीकारायची. त्या काळी चॅसिसचा सांगाडा चाकांच्या आसांवर, स्प्रिंगच्या पाट्यांच्याही वर बसवलेला असे. प्रवासी त्याच्यावर. म्हणजे गाडीत बसायचे नव्हे, तर चढायचे. छत खाली आणण्याच्या खटपटीला इथे मर्यादा होती.

लायन्स यांनी स्टँडर्ड मोटर कंपनीला गाठले आणि आपल्यासाठी खास चॅसिस बनवून घेतली. इंजिन आणि यंत्रणा स्टँडर्डचीच, सहा सिलिंडरची. स्प्रिंगचे पाटे मात्र सांगाड्याच्या बाहेरच्या बाजूला गेले, त्यामुळे सांगाडा खाली उतरला. इंजिन मागे सरकवून बोनेट लांबलचक केले. डोक्यातले चित्र असे, की गाडीची निम्मी लांबी बोनेटची आणि उरलेल्या निम्म्यावर टोपीसारखे छोटेसे छत.

१९३१ मध्ये काम ऐन रंगात असताना लायन्स अपेंडिक्सच्या दुखण्याने रुग्णालयात दाखल झाले. मागे वॉल्म्स्ली होते. नमुन्याच्या गाडीत बसल्यावर डोके छताला टेकते, हे त्यांच्या लक्षात आले आणि त्यांनी छत थोडे वर घेतले. लायन्स परतले, गाडी पाहिली आणि संतापले. ऑलिंपियाचे मोटार प्रदर्शन तोंडावर आलेले; बदल करायला वेळ नव्हता. एसएस १ नावाची ती गाडी ऑक्टोबर १९३१ मध्ये तशीच लोकांपुढे गेली.

लोकांना काही खटकले नाही, उलट गर्दी झाली. किंमत ३१० पौंड. वर्तमानपत्रांनी मात्र ती हजार पौंडांची दिसते असे लिहिले. लायन्स यांना ती गाडी कायम खुपत राहिली आणि तिचे रूप त्यांनी पुढच्याच वर्षी बदलून टाकले. १९३३ ची गाडी लांब झाली. मडगार्ड एका लयीत मागे वाहत गेले. छत खाली राहिले आणि मागच्या सीटवर मोठी माणसेही बसू शकली, कारण चॅसिस लांबवली होती.

या भांडणात दोघांचेही बरोबर होते, ही खरी गंमत. वॉल्म्स्ली गाडीत बसून विचार करत होते, लायन्स तिच्यासमोर उभे राहून. १९३३ च्या गाडीने दाखवले, की छत न उचलताही जागा काढता येते. पण त्यासाठी गाडी मुळापासून नवी करावी लागते आणि तेवढा पैसा व वेळ हाताशी हवा. १९३४ च्या अखेरीस वॉल्म्स्ली कंपनीतून बाहेर पडले आणि पुढे कॅरॅव्हॅनच्या धंद्यात गेले, जिथे छताची उंची ही तक्रार नसून सोय असते. कंपनीची सूत्रे आता एकट्या लायन्स यांच्या हाती होती.

जॅग्वार हे नाव कधी आले?

एसएस गाड्यांवर एक शेरा कायम मारला जाई, की दिसते तेवढी ही पळत नाही. तो खराच होता. लांब बोनेटखाली इंजिन साध्या घरगुती गाडीचे होते. दिखाऊ माणसाची गाडी, असे तिला हिणवले जाई. १९३५ मध्ये लायन्स यांनी विल्यम हेन्स या तरुण अभियंत्याला मुख्य अभियंता म्हणून आणले आणि हॅरी वेस्लेक या इंजिन-तज्ज्ञाकडून स्टँडर्डच्याच इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे सिलिंडर हेड, नव्याने घडवून घेतला. झडपा बाजूला होत्या त्या वर आल्या. त्याच इंजिनातून आता सुमारे १०० अश्वशक्ती निघू लागली.

नव्या गाडीला नाव हवे होते. जाहिरात संस्थेकडून पशु-पक्ष्यांच्या नावांची यादी मागवली गेली आणि लायन्स यांनी त्यातून जॅग्वार निवडले. सप्टेंबर १९३५ मध्ये लंडनच्या मेफेअर हॉटेलात विक्रेत्यांना बोलावून चार दारांची ही सलून दाखवण्यात आली आणि किंमत ओळखा म्हणून चिठ्ठ्या वाटण्यात आल्या. अंदाजांची सरासरी निघाली ६३२ पौंड. खरी किंमत होती ३८५.

हा निव्वळ जाहिरातीचा खेळ नव्हता. पुरवठादारांशी पैशापैशासाठी घासाघीस, कारखान्यात कमालीची काटकसर, थोड्या नफ्यावर जास्त गाड्या, हा लायन्स यांचा खाक्या शेवटपर्यंत टिकला. रोज वापरायची गाडी म्हणजे आधी परवडणारी गाडी, हे विक्रेत्याच्या नोकरीत शिकलेले त्यांनी कधी विसरले नाही. त्याची किंमत मात्र कुठे ना कुठे मोजली जाई. १९३८ मध्ये लाकडी सांगाडा सोडून पूर्ण पोलादी बॉडी आणली, तेव्हा वेगवेगळ्या पुरवठादारांकडून आलेले पत्रे एकमेकांना जुळेचनात आणि कित्येक महिने उत्पादन रखडले.

युद्धाच्या रात्री इंजिनाचा आराखडा कसा आकाराला आला?

दुसऱ्या महायुद्धात कारखान्यात विमानांची दुरुस्ती, त्यांचे भाग आणि लष्करासाठी साइडकार अशी कामे चालत. कॉव्हेंट्रीवर बॉम्ब पडत होते. आगीवर नजर ठेवण्यासाठी रात्री पहारा द्यावा लागे. लायन्स यांनी हेन्स, वॉल्टर हॅसन आणि क्लॉड बेली या अभियंत्यांच्या पाळ्या मुद्दाम आपल्याबरोबर लावून घेतल्या. त्या जागरणांत बोलणे एकाच विषयावर, युद्धानंतरचे इंजिन.

मागणी नेमकी होती. मोठी, आरामशीर, पाच माणसांची सलून ताशी १०० मैल, म्हणजे १६० किलोमीटर धावली पाहिजे. शिवाय बोनेट उघडल्यावर इंजिन देखणे दिसले पाहिजे. यातून एक्सके इंजिन जन्माला आले. सहा सिलिंडर, ३.४ लिटर, डोक्यावर दोन कॅमशाफ्ट, १६० अश्वशक्ती. अशी रचना तोवर बहुतेक शर्यतीच्या किंवा फार महागड्या गाड्यांतच असे.

१९४५ मध्ये कंपनीचे नावही जॅग्वार कार्स झाले. युद्धानंतर एसएस ही अक्षरे नाझींची आठवण देत, ती ठेवणे शक्यच नव्हते. १९४८ च्या प्रदर्शनापर्यंत मोठ्या सलूनची बॉडी तयार झाली नाही, म्हणून नवे इंजिन दाखवण्यासाठी घाईघाईत दोन सीटची एक्सके १२० बनवली गेली. जगभर गाजलेली ही स्पोर्ट्‌स कार अशी जवळजवळ तात्पुरती सोय म्हणून जन्मली. इंजिन मुळात घरच्या गाडीसाठी होते आणि १९५० मध्ये ते मार्क ७ या सलूनमध्ये पोहोचले. याच मार्क ७ ने १९५६ ची माँटे कार्लो रॅली जिंकली.

चित्र न काढता गाडीचे रूप कसे ठरायचे?

लायन्स यांना धड रेखाटन येत नसे. त्यांची पद्धत शिंप्याच्या ट्रायलसारखी होती. फ्रेड गार्डनर यांच्या हाताखालचे सुतार आणि पत्राकाम करणारे कारागीर लाकडाच्या सांगाड्यावर पत्रा ठोकून खऱ्या मापाची गाडी उभी करत. लायन्स तिच्याभोवती फिरत, मागे सरकत, पुन्हा जवळ येत आणि हातांनी दाखवत, ही कड थोडी खाली, हा गोलवा थोडा मागे. कारागीर तेवढा पत्रा कापून पुन्हा ठोकत. असे दिवसच्या दिवस चाले.

पुढची पायरी त्यांच्या घरी. कॉव्हेंट्रीजवळच्या वॅपनबरी हॉल या त्यांच्या घराच्या अंगणात तो सांगाडा नेऊन उभा केला जाई. कारखान्याच्या दिव्याखाली गाडी फसवते, घरापुढच्या उजेडात खरी दिसते, असा त्यामागचा विचार. गिऱ्हाईकही ती घरासमोरच उभी करणार होते ना! ई-टाइपसारख्या स्पोर्ट्‌स कारचे रूप माल्कम सेयर या वायुगतिकीच्या जाणकाराने गणिताने काढले. सलून मात्र अखेरपर्यंत लायन्स यांच्या डोळ्यांनी ठरल्या. स्वभावाने ते अलिप्त. वर्षानुवर्षे बरोबर काम करणाऱ्यांनाही आडनावाने हाक मारत.

१९५५ मध्ये काय घडले?

फ्रान्समधल्या ल माँ गावची २४ तासांची शर्यत जॅग्वारने १९५१ आणि १९५३ मध्ये जिंकली होती. १९५३ च्या विजयात डनलॉपबरोबर विकसित केलेल्या डिस्क ब्रेकचा मोठा वाटा होता. ड्रम ब्रेकमध्ये घर्षणाची उष्णता कोंडून राहते आणि वारंवार दाबल्यावर ब्रेक लागेनासा होतो. डिस्क उघडी असल्याने लवकर थंड होते. आज साध्या मोटारसायकलीलाही असतो तो हा ब्रेक.

जून १९५५ मध्ये लायन्स यांचा एकुलता एक मुलगा जॉन शर्यतीसाठी ल माँकडे निघाला. जेमतेम पंचविशीचा, कंपनीचा वारस म्हणून तयार होत असलेला. तो मार्क ७ चालवत होता. फ्रान्समधल्या रस्त्यावर अमेरिकी लष्कराच्या वाहनाशी समोरासमोर धडक झाली आणि तो जागीच गेला. काही दिवसांनी शर्यत झाली. तिच्यात मोटार प्रेक्षकांत घुसून ८० हून अधिक माणसे मेली. मर्सिडीजने आपल्या गाड्या माघारी घेतल्या. जॅग्वार धावत राहिली आणि माइक हॉथॉर्न व आयव्हर बुएब यांनी शर्यत जिंकली. त्या विजयाचा आनंद करण्यासारखे घरात काही उरले नव्हते.

लायन्स कामावर परतले. १९५६ मध्ये त्यांना सर ही पदवी मिळाली. १२ फेब्रुवारी १९५७ रोजी ब्राउन्स लेन इथल्या कारखान्याला आग लागली आणि जवळपास निम्मा भाग जळाला. काही दिवसांतच उरलेल्या भागात गाड्या पुन्हा जोडल्या जाऊ लागल्या.

मार्क २ रोजच्या वापराला कशी होती?

जॅग्वारची छोटी सलून १९५५ मध्ये आली होती. वेगळी चॅसिस नसलेली, बॉडीच सांगाड्याचे काम करणारी त्यांची ही पहिली गाडी. पण खिडक्यांचे खांब जाड, त्यामुळे बाहेरचे नीट दिसत नसे. आणि मागच्या चाकांमधले अंतर पुढच्यांपेक्षा कमी. पुढे याच गाडीत ३.४ लिटरचे जोरदार इंजिन बसवले गेले. १९५८ चा फॉर्म्युला वन विश्वविजेता झालेला हॉथॉर्न शर्यतीतून निवृत्त झाल्यावर, जानेवारी १९५९ मध्ये गिल्डफर्डजवळच्या रस्त्यावर आपल्या अशाच ३.४ जॅग्वारमध्ये अपघातात गेला.

१९५९ च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या मार्क २ मध्ये खांब बारीक झाले, काचा मोठ्या झाल्या, मागची चाके बाजूंना सरकली आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक मिळाले. ३.८ लिटरचे इंजिन घेतले तर २२० अश्वशक्ती आणि ताशी सुमारे २०० किलोमीटर वेग. आत अक्रोडाचे लाकूड, चामड्याच्या सीट आणि पुढच्या सीटच्या पाठीला घडीचे छोटे टेबल. डॉक्टर, वकील, कारखानदार ती रोज चालवत. पोलीस वापरत आणि बँका लुटून पळणारेही. चार माणसे, पैशांच्या थैल्या आणि पाठलाग चुकवण्याइतका वेग एकाच गाडीत मिळत असेल, तर चोरांची निवड चुकीची म्हणता येणार नाही.

तरी रोजच्या चालकाला घाम फुटेच. पॉवर स्टीअरिंगचे पैसे भरले नसतील तर जागा बघून गाडी लावताना दंड भरून येत. गिअरबॉक्स जुन्या वळणाचा. पहिला गिअर अलगद पडत नसे. दीड टनाच्या आसपास वजन आणि पेट्रोल लिटरला सहा किलोमीटरच्या आगेमागे. पावसाळी देशात पत्र्याला गंज लागे, तोही दिसत नाही अशा सांध्यांत. तरीही १९६७ पर्यंत ८० हजारांहून अधिक मार्क २ विकल्या गेल्या. इतक्या पैशांत इतके सगळे दुसरा कुणी देत नव्हता.

एक्सजे ६ ला लायन्स यांची अखेरची गाडी का म्हणतात?

१९६० च्या दशकात जॅग्वारकडे लहान, मध्यम, मोठ्या अशा सलूनची गर्दी झाली होती. त्या सगळ्यांच्या जागी एकच गाडी आणायची, असे लायन्स यांनी ठरवले. २६ सप्टेंबर १९६८ रोजी आलेल्या एक्सजे ६ चे रूप पूर्णपणे त्यांच्या नजरेखाली घडले होते. साठी उलटली तरी ते सांगाड्याभोवती तसेच फेऱ्या मारत होते. उंची सुमारे १.३४ मीटर. आजची साधी हॅचबॅक दीड मीटरच्या आसपास असते, त्यावरून कल्पना यावी. लांबी मात्र ४.८ मीटर. १९३१ चेच चित्र, पण आता ते पाच माणसांच्या गाडीवर उतरले होते.

इतकी बसकी गाडी आरामशीर कशी झाली, याचे श्रेय बॉब नाइट या अभियंत्याचे. गाडी खाली असली की चाकांना वरखाली व्हायला जागा कमी मिळते, म्हणून स्प्रिंग कडक कराव्या लागतात आणि कडक स्प्रिंग म्हणजे पाठीला हिसके. बसक्या गाड्यांचे हे जुने दुखणे. नाइट यांनी चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन ठेवले आणि पुढची-मागची सगळी यंत्रणा वेगळ्या चौकटींवर बसवून त्या चौकटी रबराच्या गाद्यांवर बॉडीला जोडल्या. रस्त्याचा धक्का आणि आवाज रबरात जिरू लागला. डनलॉपने तिच्यासाठी खास रुंद टायर बनवले. मोठाल्या, महागड्या गाड्यांपेक्षा ही शांत चालते, असे तेव्हाचे परीक्षक लिहीत.

एक कुरकुर उरलीच, मागच्या सीटची. पुढे राजासारखे बसायचे आणि मागे गुडघे पोटाशी घ्यायचे. १९७२ मध्ये मागच्या बाजूला चार इंचांनी लांबवलेली गाडी आली. १९३३ चाच तोडगा, पुन्हा एकदा.

कंपनी हातातून कशी गेली?

सलूनच्या बॉडी जॅग्वार स्वतः बनवत नव्हती. त्या प्रेस्ड स्टील कंपनीकडून येत. १९६५ मध्ये ही कंपनी ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनने विकत घेतली. उद्या त्यांनी बॉडी देणे थांबवले तर? वारस नव्हता, वय ६५ कडे झुकले होते. १९६६ मध्ये लायन्स यांनी विलीनीकरण स्वीकारले आणि १९६८ मध्ये हा सगळा पसारा ब्रिटिश लेलँड या अवाढव्य कंपनीत सामावला. जॅग्वारचा कारभार आपल्याच हाती राहावा यासाठी ते आत राहून झगडत राहिले. मार्च १९७२ मध्ये निवृत्त झाले.

पुढची काही वर्षे जॅग्वारसाठी वाईट गेली. संप, निकृष्ट रंगकाम, बंद पडणारी विद्युत यंत्रणा. रोज वापरायला घेतलेली एक्सजे आठवड्यातले दोन दिवस गॅरेजमध्ये, अशी तिची थट्टा होऊ लागली. छताची उंची सोसणारे गिऱ्हाईक सकाळी सुरूच न होणारी गाडी सोसत नाही. लायन्स वॅपनबरीला शेती आणि बाग पाहत होते. १९८० मध्ये जॉन इगन यांनी कंपनीची सूत्रे घेतल्यावर ते पुन्हा अधूनमधून सल्ल्यासाठी कारखान्यात दिसू लागले. ऑगस्ट १९८४ मध्ये जॅग्वार सरकारी मालकीतून सुटून पुन्हा स्वतंत्र कंपनी म्हणून शेअर बाजारात आली, हे त्यांना पाहता आले. ८ फेब्रुवारी १९८५ रोजी वॅपनबरी हॉलमध्ये त्यांचे निधन झाले.

त्याआधी, १९७९ मध्ये, एक्सजेची तिसरी मालिका निघाली होती. नवी गाडी बनवायला पैसा नव्हता, म्हणून जुनीच डागडुजीसाठी इटलीतल्या पिनिनफरिना या नामांकित संस्थेकडे सोपवली गेली. त्यांनी काचा उंच केल्या, मागच्या प्रवाशांच्या डोक्याला जागा मिळावी म्हणून छत मागच्या बाजूला थोडे उचलले आणि बाकीच्या गाडीला फारसा हात लावला नाही. बारा सिलिंडरच्या इंजिनासह ती उचललेल्या छताची एक्सजे १९९२ पर्यंत बनत राहिली.